शेवटणे

मृग जवळ आला की आमच्या गावाकडच्या घरांमधून एक प्रश्न हमखास ऐकू येई, ‘कुदळी शेवटून आणल्या का?’ शेवटणे म्हणजे बोथट झालेले टोक भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून पुन्हा कामाला येईल असे करणे. पहार, कुदळ, टिकाव, नांगराचा फाळ, सगळे शेवटून घ्यायचे. शब्दाचे मूळ काय ते भाषेच्या जाणकारांनी सांगावे. माझ्या कानाला मात्र त्यात नेहमी ‘शेवट’च ऐकू येत आला. गंमत अशी की लोहाराकडून शेवटून आणलेली कुदळ त्या दिवसापासून नव्याने कामाला लागते.

लोहारकामाशी जोडलेला आणखी एक शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. तो आपण फारसा विचार न करता वापरतो : घिसाडघाई. घिसाडी म्हणजे पालावर राहणारा, गावोगाव फिरणारा लोहार. रस्त्याकडेला मातीत एक ऐरण रोवायची, भाता लावायचा, नवऱ्याने सांडशीत लोखंड धरून हातोड्याने जागा दाखवायची आणि बायकोने घण घालायचा, हे दृश्य महाराष्ट्रात कोणी पाहिले नसेल असे नाही. त्यांच्या कामावरून भाषेने उरकून टाकलेल्या कामाला नाव दिले. मला हा न्याय कधी पटला नाही. गावातल्या लोहाराला बलुते होते. वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळायचे आणि त्याच शेतकऱ्याला तोंड दाखवायचे असल्याने हात आपोआप जपून चालायचा. घिसाड्याला आजचा बाजार आज उरकायचा. कोळसा विकतचा, आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभे राहून ‘आटप की लवकर’ म्हणणारे. घाई खरी कोणाची, हे त्या शब्दाने विचारलेच नाही. मी एका पालावर तासभर बसून पाहिले आहे. त्या बाईचा प्रत्येक घण आधीच्या घणाच्या अर्ध्या जागेवर पडत होता. तव्यासारखा गुळगुळीत पृष्ठभाग त्या घणाखाली तयार होत होता, आणि ती मध्येच पाळण्यातल्या मुलाला हाकही मारत होती.

ही पुस्तिका या दोन शब्दांच्या मधल्या जागेबद्दल आहे. घिसाडघाई आणि शेवटणे यांत फरक आहे तो फार तर पंधरावीस मिनिटांचा आणि दोनचार सवयींचा. ज्याला हल्ली सगळे ‘फिनिशिंग’ म्हणतात, त्याला आपल्याकडे ‘सफाई’ हा चांगला शब्द आहे. मी तोच वापरला आहे.

सफाई म्हणजे चकाकी, असा समज कार्यशाळेत शिकायला येणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाचा असतो. त्याला हातात काहीतरी द्या, तो ग्राइंडर शोधतो. माझाही समज तोच होता. तो मोडला एका विळीने. बाजारातून घेतलेली, पाते झकास, कांदा कापताना पाण्यासारखे चालणारे. पण पात्याच्या पाठीवर, जिथे धार नसते तिथे, छिन्नीने तोडलेली कडा तशीच राहिली होती. आईने विळी धुताना पाठीवरून हात फिरवला आणि तळहात चिरला. धारेने नव्हे, पाठीने. ज्याने ती बनवली त्याने धारेवर मेहनत घेतली होती, कारण गिऱ्हाईक धार बघते. पाठ कोणी बघत नाही. तेव्हापासून माझी सफाईची व्याख्या साधी आहे : वस्तूला जिथे जिथे हात लागणार, तिथे ती हाताला बोचता कामा नये, आणि जिथे पाणी साचणार तिथे गंजाला घर मिळता कामा नये. चकाकी त्यानंतर, आणि पुष्कळदा नाहीच.

आता या पुस्तिकेचा निम्मा भाग जिने व्यापला आहे तिच्याबद्दल. लाल लोखंड भट्टीबाहेर काढले की हवेतल्या प्राणवायूशी त्याचे लगेच जमते आणि अंगावर करड्या-काळ्या रंगाची खपली धरते. सुमारे ५७० अंश सेल्सियसच्या वर ही खपली भराभर वाढते, थरावर थर. हातोड्याच्या पहिल्या ठोक्याला ती उडते, ऐरणीभोवती पडलेले काळे चमकदार तुकडे तिचेच. जी उडते ती बरी. जी उडत नाही ती हातोड्याखाली सापडून लोखंडात रुतते, आणि थंड झाल्यावर पृष्ठभाग देवीच्या व्रणांसारखा दिसतो. पुढे कितीही घासा, ते खड्डे जात नाहीत. ते घालवायचे तर आजूबाजूचे सगळे लोखंड तेवढे खाली न्यावे लागते. ‘लोहाराच्या हातचे असेच असते’ असे म्हणून गिऱ्हाईक जे खडबडीत अंग स्वीकारते, त्यातले बरेचसे हातोड्याच्या खुणांनी झालेले नसते. ते या रुतलेल्या खपलीने झालेले असते.

उपाय फुकटचा आहे. भट्टीतून तुकडा काढला की पहिला ठोका घालायच्या आधी तारेच्या ब्रशचे तीनचार हात मारायचे. ऐरणीचे तोंडही त्याच ब्रशने झटकायचे, कारण मागच्या तावाची खपली तिथे वाट बघत पडलेली असते. दोन सेकंद जातात. मुले म्हणतात, ‘सर, लोखंड थंड होतंय.’ होऊ दे. त्या दोन सेकंदांमुळे पुढचा अर्धा तास कानस चालवायची वेळ टळते.

विस्तवाचाही यात हात असतो. भाता जोरात आणि कोळसा कमी, म्हणजे लोखंडाला थेट वारा लागतो आणि खपली जाड होते. तुकडा कोळशाच्या पोटात, वाऱ्याच्या तोंडापासून थोडा वर ठेवला तर तीच उष्णता मिळते आणि अंग स्वच्छ राहते. दगडी कोळसा वापरणाऱ्यांनी तळाशी साचलेला खंगर मधून मधून काढावा. नाहीतर तो वितळून लोखंडाला चिकटतो आणि नेमक्या शेवटच्या तावाला दगा देतो. लोणाऱ्याच्या लाकडी कोळशात ही भानगड फारशी नाही, पण तो आता महाग आणि दुर्मीळ.

हातोड्याबद्दल पहिल्या प्रकरणात सविस्तर लिहिले आहे, इथे थोडक्यात. दुकानातून आणलेल्या हातोड्याच्या तोंडाची कड तीक्ष्ण असते. हात जरा कलला की लोखंडावर चंद्रकोर उमटते. प्रत्येक कोर म्हणजे एक जखम, आणि ती भरून काढायला आणखी चार ठोके. म्हणून हातोड्याचे तोंड अगदी किंचित फुगीर करायचे, कड गोल मारायची आणि वर पॉलिश पेपरने आरशासारखे करायचे. हातोड्याच्या तोंडावर जे असेल तेच लोखंडावर छापले जाते. ज्याच्या हातोड्यावर ओरखडा आहे त्याने आयुष्यभर तोच ओरखडा विकलेला असतो.

लोखंड गरम असताना घाव घालावा, ही म्हण आकार देण्यापुरती खरी आहे. सफाई ज्या तावावर येते तो ताव अगदी मंद असतो : पिवळा नाही, नारिंगी नाही, सावलीत धरला तरच दिसेल असा काळपट लाल. या तावावर लोखंड फारसे हलत नाही, नवी खपलीही फारशी धरत नाही. आता हातोडा उचलायचाही नाही, नुसता पडू द्यायचा. ठोके हलके, एकमेकांना अर्धे झाकणारे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा परत. आधीच्या मोठ्या ठोक्यांनी केलेले उंचवटे बसतात. कोणाकडे बादली जवळ असेल तर हातोडा पाण्यात बुडवून, ऐरणीवर पाण्याचा हात फिरवून हे करून बघावे. ओल्या हातोड्याखालच्या पाण्याची क्षणात वाफ होते, फटाक्यासारखा आवाज होतो आणि उरलीसुरली खपली उडून जाते. जपानी पात्यांचे कारागीर हेच करतात. पहिल्यांदा आवाजाने दचकायला होते, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ज्या पोलादाला पुढे पाणी देऊन कठीण करायचे आहे त्याच्या पातळ धारेवर मात्र हा प्रयोग नको. गार पाण्याच्या धक्क्याने बारीक तडा जाऊ शकतो आणि तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

एवढे केल्यावर कानशीला काम फार कमी उरते. तिच्याबद्दल दोनच गोष्टी. खपली मऊ लोखंडापेक्षा पुष्कळ कठीण असते, तिच्यावर कानस घासली तर कानशीचे दात मरतात. म्हणून आधी खपली काढायची, मग कानस. त्यासाठी घरातला साधा व्हिनेगर पुरतो. चारपाच टक्क्यांचे हे आम्ल रात्रभरात खपली सैल करते, सकाळी ब्रशने निघते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, कोरडे करून लगेच तेलाचा हात द्यायचा. नाहीतर दुपारपर्यंत नारिंगी गंज येतो, कोकणात तर चहा होईपर्यंत. चिंचेच्या कोळानेही हे होते, फक्त जास्त वेळ लागतो. दुसरी गोष्ट : कानशीवर खडू चोळावा. मग लोखंडाचा कीस दातांत अडकत नाही आणि खोल ओरखडे उठत नाहीत. शेवटचा हात कानस आडवी धरून, दोन्ही मुठींनी, रंधा मारल्यासारखा ओढायचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. लोहारकाम करणाऱ्या घरांत ते कोणी शिकवत नाही, कारण तिथे कानस हे सुताराचे नाहीतर फिटरचे हत्यार मानले जाते.

यानंतरचे, पाणी देण्याचे प्रकरण मला सगळ्यात आवडते. आता शेतीची बरीच हत्यारे ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून होतात. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो. साध्या सळईत पाव टक्काही नसतो. पाट्याचे पाते लालबुंद करून बुडवले की ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. (पाट्याला पाण्यापेक्षा तेल मानवते. ‘पाणी देणे’ हा शब्द तेलातही तसाच चालतो, त्याला कोणाची हरकत नाही.) केव्हा बुडवायचे ते चुंबकाने समजते. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओळख देत नाही. त्याच्या थोडे वर गेले की बुडवायचे. मग ठिसूळपणा काढायला पुन्हा हलकी ऊब द्यायची, आणि इथे सफाई आणि मजबुती यांची गाठ पडते. पाते आधी विटेच्या तुकड्याने किंवा जुन्या ग्राइंडिंग दगडाच्या तुकड्याने घासून पांढरे केले नसेल तर पुढचे काही दिसणारच नाही.

घासलेल्या पांढऱ्या पोलादावर ऊब चढू लागली की रंग उतरतात. आधी गव्हाच्या काडासारखा फिका पिवळा, साधारण २२० ते २३० अंशांना. मग गडद पिवळा, मग तांबूस तपकिरी २६० च्या आसपास, मग जांभळा, आणि ३०० च्या सुमारास मोरपिशी निळा. हे रंग म्हणजे पृष्ठभागावर धरणाऱ्या अतिशय पातळ थराचा खेळ, पाण्यावर सांडलेल्या तेलासारखा. थर जसा जाड होतो तसा रंग बदलतो. दाढीचा वस्तरा पिवळ्यावर थांबवायचा. दगडफोडीची छिन्नी जांभळ्यावर. कोयता, कुऱ्हाड यांना झटके सोसायचे असतात म्हणून निळ्याच्या उंबरठ्यावर.

छिन्नीला तर दुसऱ्यांदा भट्टीत घालावेच लागत नाही. लाल छिन्नीचे फक्त तोंड दोन बोटे बुडवायचे, बाहेर काढून चटकन घासायचे आणि बघत राहायचे. मागच्या अंगात उरलेली ऊब तोंडाकडे सरकू लागते, आणि तिच्यापुढे रंगांची एक रांग धावत येते. जांभळा टोकाशी पोचला की सगळी छिन्नी पाण्यात. हे पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. जुन्या लोहारांनी तापमापक कधी पाहिला नव्हता आणि त्यांच्या छिन्न्यांनी या प्रदेशातली देवळे, किल्ले, पायविहिरी उभ्या राहिल्या. पाथरवटाचे कौतुक सगळे करतात, त्याची टाकी रोज संध्याकाळी शेवटून देणाऱ्याचे नाव शिलालेखात नसते.

जुन्याचा विषय निघालाच आहे तर एक उल्लेख करतो. नागपूरजवळ नायकुंडच्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. विदर्भातल्या त्या काळच्या शिळावर्तुळांत ज्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या, त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर दांड्याशी घट्ट बांधणारे लोखंडी आडवे पट्टे आहेत. पाते आणि दांडा जिथे भेटतात, तिथे वस्तू खिळखिळी होते आणि हाताला लागते. त्या माणसाने विचार केला होता तो नेमका त्याच जागेचा. आजच्या बाजारातल्या निम्म्या कोयत्यांच्या मुठी पहिल्या हंगामात हलू लागतात. पात्याचे शेपूट मुठीत लाख वितळवून बसवण्याची आपली जुनी रीत अजूनही चालते. ती का मागे पडली याला आळस सोडून दुसरे कारण मला सापडलेले नाही.

शेवटचा हात तेलाचा. रंगाबद्दल माझे मत कडू आहे, ते आधीच सांगून टाकतो. काळ्या ऑइल पेंटच्या डब्यात बुडवून काढलेला विळा बघितला की मला त्याच्या खाली काय लपवले आहे याची शंका येते. रंग सुटतो, त्याच्या खाली पाणी शिरते आणि गंज बंद खोलीत राहिल्यासारखा आरामात वाढतो. फाटकाला, खिडकीच्या गजाला रंग हवाच, त्याबद्दल वाद नाही. हातात धरायच्या आणि स्वयंपाकाच्या वस्तूला मात्र तेल किंवा मेण. वस्तू दीडदोनशे अंशांपर्यंत, म्हणजे पाण्याचा थेंब टाकला तर चुरचुरून उडेल इतकी, तापवायची आणि फडक्याने जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. जवस आपल्या विदर्भाचे पीक. त्याचे तेल हवेत वाळून घट्ट पापुद्रा धरते, लोखंडाच्या काळेपणात खोली येते. करडईचेही बऱ्यापैकी धरते. शेंगदाणा तेल नीट वाळत नाही, चिकट राहते आणि धूळ खाते. तवा, कढई, उलथने यांना खायचेच तेल वापरावे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात, ते पोटात जाऊ नयेत. स्वयंपाकाच्या नसलेल्या वस्तूंना मधमाशीचे मेण चोळले तर हाताला जो स्पर्श मिळतो तो कुठल्याही वार्निशला येत नाही.

या तेलाबाबत एक इशारा पुस्तिकेत तीनदा आला आहे, इथे चौथ्यांदा देतो. जवस तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तेल उष्णता सोडते, बोळ्याच्या पोटात ती साठते आणि फडके आपोआप पेट घेते. ती पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा. तसेच भंगारातला जस्त चढवलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू नका. त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि तो मलेरिया समजून औषधे घेणारे मी पाहिले आहेत.

ग्राइंडरचे शत्रुत्व मी करत नाही. फ्लॅप डिस्क हातात असताना कानसच घासा म्हणणे हा हट्ट झाला. पण पाणी दिलेली धार ग्राइंडरखाली निळी पडली की तिचे पाणी उतरले, हे लक्षात ठेवा. ती दिसायला छान असते आणि पहिल्याच फांदीला वळते.

एक चैनीची गोष्टही आत घातली आहे, कारण नुसत्या उपयोगाच्या गोष्टी वाचून माणूस कंटाळतो. ब्रशने स्वच्छ केलेले लोखंड काळ्या तावावर, म्हणजे लाली पूर्ण गेल्यावर पण हात लावता येणार नाही असे गरम असताना, पितळी तारेच्या ब्रशने जोरात घासले तर पितळ त्यावर चढते आणि उंचवट्यांवर सोनेरी झाक येते. दिव्याच्या साखळीला, अडकित्त्याच्या टोकाला, दाराच्या कडीला हे फार शोभते. त्यावर मेण. अडकित्त्यावर मोर आणि घोडे घडवणारे कारागीर आपल्याकडे होते, तेव्हा चैनीबद्दल लाजायचे कारण नाही.

या पुस्तिकेत नक्षीदार जाळ्या, तलवारी, थरांचे पोलाद यांतले काही नाही. ती विषयांतरे सुंदर आहेत, आणि नव्या मुलांचे लक्ष तिकडेच आधी जाते. इथे आहेत विळा, खुरपे, कोयता, छिन्नी, कडी, हूक, तवा आणि उलथने. मी घड्याळ लावून पाहिले आहे : वर सांगितलेले सगळे केले तर एका खुरप्याला साधारण वीस मिनिटे जास्त लागतात, हात बसल्यावर बारा. त्या बारा मिनिटांचे पैसे गिऱ्हाईक देईल का, हा प्रश्न मला प्रत्येक कार्यशाळेत विचारला जातो. काही देतात, काही देत नाहीत. बाजारात मी एका म्हाताऱ्या बाईंना खुरपी निवडताना पाहिले. ढिगातले प्रत्येक खुरपे त्यांनी उचलले, धारेकडे बघितलेसुद्धा नाही, पाठीवरून आणि मुठीच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवले. अकरावे घेतले. भाव केला नाही.

पहिले प्रकरण हातोड्याच्या तोंडापासून सुरू होते. पान उलटायच्या आधी तुमचा हातोडा उजेडात तिरका धरून बघा आणि कडेवरून नख फिरवा. नख अडकले तर कानस जवळ घेऊनच बसा.